कायदा गावात पोचतो का, हे पाहणारे बाबासाहेब

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर होते, हे आपल्या घोटीतल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. पण त्याआधी ते समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकले, हे आपण विसरतो. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या बाबासाहेबांनी १९१५ साली कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. पदवी घेतली. आधी समाज कसा चालतो ते बघायचे, मग कायद्याला हात घालायचा, ही त्यांची रीत.

१९२३ साली मुंबई कायदेमंडळाने बोले ठराव करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तसाच ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पण ओंजळभर पाणी कुणाला घेता आले का? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी घेतले, तर लोकांना मार खावा लागला. कोर्टाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले.

असे का होते? १९२९ साली ते सरकारी स्टार्ट समितीचे सभासद म्हणून खानदेशात फिरले. बहिष्काराच्या चौकशीसाठी थेट गावात गेले. परत येताना चाळीसगावला टांगेवाल्याने त्यांना बसवून न्यायला नकार दिला. शेवटी आपल्यातल्याच एकाने टांगा हाकला. त्याला सवय नव्हती. पुलावर टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. ज्याची चौकशी करायला गेले, तेच त्यांच्या वाट्याला आले!

१९३० सालच्या समितीच्या अहवालात खरे कारण नोंदले गेले. हक्क मागणाऱ्याला मारहाणीची भीती असते. शिवाय जमीन काढून घेतात, काम बंद करतात, वाणी मीठमिरची देत नाही. पोट दुसऱ्याच्या हातात असेल तर कायदा काय करणार? म्हणूनच गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी बहिष्कार हाच गुन्हा ठरवा, अशी मागणी केली. पुढे संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ च्या कायद्यात बहिष्काराला शिक्षा आली, आणि महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा केला.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. चौकशीची रीत मात्र मागे ठेवून गेले. बंधू-भगिनींनो, कुठे अन्याय झाला तर नुसते हळहळू नका. तारीख, जागा, साक्षीदार वहीत लिहा आणि तक्रारीची पोच घ्या. जे लिहिले जाते, त्याचाच पुढे कायदा होतो.

जय भीम!