संत फ्रान्सिस झेवियर : पॅरिसमधील अकरा वर्षे

दरवर्षी ३ डिसेंबर रोजी ख्रिस्तसभा संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचा सण साजरा करते. त्यांचे सागरप्रवास, मच्छीमार किनाऱ्यावरील त्यांचे कार्य, चीनच्या दाराशी सँशियन बेटावर त्यांना आलेले मरण ह्या गोष्टी आपण धर्मशिक्षणाच्या वर्गापासून ऐकत आलो आहोत. ह्या लेखात मात्र आम्ही वाचकांचे लक्ष त्यांच्या जीवनातील एका निराळ्या कालखंडाकडे वेधू इच्छितो. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास उतरले, तेव्हा त्यांनी वयाची छत्तिशी गाठली होती. त्यापूर्वीची अकरा वर्षे त्यांनी पॅरिस शहरात काढली होती. त्यांतील बहुतेक काळ त्यांच्या मनात जो बेत होता, त्यात गोवा नव्हते, मलाक्का नव्हते आणि जपान तर नव्हतेच.

अनेक चरित्रांत हा काळ दोन-तीन वाक्यांत उरकलेला असतो. एक महत्त्वाकांक्षी तरुण होता, संत इग्नेशियस ह्यांनी त्याला शुभवर्तमानातील एक प्रश्न ऐकवला आणि तरुण पालटला, एवढेच सांगून लेखक जहाजात चढतो. आम्हांस हे वर्णन अपुरे वाटते. पदवी हाती आली तरी पुढे काय करायचे हे न उमगलेले तरुण आज आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत. पाचारण म्हणजे विजेचा लखलखाट, अशी समजूत त्यांनी ह्या चरित्रांवरून करून घेतली, तर दोष त्यांचा म्हणता येणार नाही.

फ्रान्सिसचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी नव्हारच्या छोट्या राज्यातील झेवियर गढीत झाला. वडील डॉन हुआन दे हासो हे कायद्याचे पंडित आणि राजाच्या मंत्रिमंडळाचे प्रमुख होते. १५१२ साली स्पेनच्या सैन्याने नव्हार जिंकून घेतले आणि ह्या घराण्याची उतरती कळा सुरू झाली. १५१५ मध्ये वडील वारले. पुढच्याच वर्षी विजेत्यांच्या हुकुमाने गढीचे बुरूज व तटबंदी पाडण्यात आली. मिगेल आणि हुआन हे थोरले भाऊ हरलेल्या राजाच्या बाजूने लढत राहिले. १५२१ साली पँपलोनाच्या लढाईत किल्ल्याचे रक्षण करताना इग्नेशियस लोयोला नावाच्या सरदाराचा पाय तोफगोळ्याने मोडला, तेव्हा फ्रान्सिसचे भाऊ हल्ला करणाऱ्या पक्षात होते. भावांच्या हाती तलवार असताना धाकट्याने पुस्तक निवडले. मोडलेल्या घराण्याची प्रतिष्ठा विद्येच्या बळावर परत मिळवावी, हा त्यामागील हेतू असणे स्वाभाविक होते.

१५२५ साली, एकोणिसाव्या वर्षी, तो पॅरिसच्या सेंट बार्ब महाविद्यालयात दाखल झाला. तेथे त्याला खोलीसोबती मिळाला तो सॅव्हॉय प्रांतातील पीटर फेबर. फेबर हा फ्रान्सिसहून अवघ्या सहा दिवसांनी लहान. बालपणी मेंढरे राखलेला हा शेतकऱ्याचा मुलगा शांत, अभ्यासू आणि मनाने फार हळवा होता. फ्रान्सिस मात्र उमदा, खर्चिक आणि मैदानी खेळांत तरबेज. उंच उडी मारण्यात आपला हात कोणी धरू शकत नाही, ह्याचा त्याला अभिमान होता असे सांगतात. १५३० मध्ये दोघांनीही पदवी संपादन केली. फ्रान्सिस ब्युव्हे महाविद्यालयात ॲरिस्टॉटलचे तत्त्वज्ञान शिकवू लागला.

ह्यानंतर दोघांच्या वाटा पाहण्यासारख्या आहेत. फ्रान्सिसला आपली दिशा पक्की ठाऊक होती, निदान त्याला तसे वाटत होते. पँपलोनाच्या कॅथेड्रलमध्ये कॅनन व्हायचे, म्हणजे तेथील धर्मगुरूमंडळातील मानाचे व निश्चित उत्पन्नाचे पद मिळवायचे. त्यासाठी घराणे कुलीन असल्याचा दाखला लागे. फेब्रुवारी १५३१ मध्ये त्याने त्याकरिता रीतसर कागदपत्रे केली. ह्यात वाईट असे काही नव्हते, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. मोठ्या घरातील शिकलेले धाकटे पुत्र त्या काळी हेच करीत. घरची मंडळी त्यावर खूश होती आणि चर्चची सेवाही होणार होती.

फेबरला मात्र काहीच ठरवता येत नव्हते. पुढे लिहिलेल्या आध्यात्मिक टिपणांत त्याने ह्या अवस्थेचे प्रांजळ वर्णन केले आहे. कधी लग्न करावेसे वाटे, कधी वैद्य व्हावेसे, कधी वकील. कधी अध्यापक, कधी ईशज्ञानाचा पंडित, कधी साधा धर्मगुरू, तर कधी मठवासी. ज्या दिवशी जो वारा सुटेल त्या दिशेला मन झुके. बारा वर्षांचा असताना त्याने मेंढरे राखता राखता ब्रह्मचर्याचे व्रत घेतले होते, तरीही ही ओढाताण थांबली नव्हती. त्यात मनाला शंकांचा जाच. आपल्या पापांची कबुली नीट झाली की नाही, ह्या विचाराने तो रात्री तळमळत असे.

१५२९ च्या शरद ऋतूत ह्या खोलीत तिसरा विद्यार्थी राहावयास आला. वय अडतिसाच्या आसपास, चाल किंचित लंगडी. पँपलोनाला पाय मोडलेला तोच इग्नेशियस. त्यांचा स्वतःचा मार्गही सरळ नव्हता. राजदरबार आणि तलवार सोडल्यावर ते भिक्षेकरी यात्रेकरू झाले, जेरुसलेमला जाऊन कायमचे राहू इच्छिले, तेथून परत पाठवले गेले आणि तिशी उलटल्यावर बार्सिलोनात लहान मुलांच्या बाकावर बसून लॅटिन शिकले. अशा माणसाने फेबरला काय सल्ला दिला असेल? घाई न करण्याचा! त्यांनी त्याला संपूर्ण जीवनाचा पापस्वीकार, दर आठवड्याला ख्रिस्तशरीराचे सेवन आणि रोजचे आत्मपरीक्षण ह्यांची सवय लावली, आणि आध्यात्मिक साधनेसाठी तब्बल चार वर्षे थांबवून ठेवले. मन निवळल्याशिवाय निवड करू नये, असे त्यांचे मत होते. आजच्या पालकांस हा कालावधी फार वाटेल. प्रवेश अर्जाची मुदत चार दिवसांवर आलेली असताना चार वर्षे कोण थांबणार? पण फेबर थांबला आणि त्याच्या शंकांचा निचरा होत गेला.

फ्रान्सिसवर मात्र ह्या लंगड्या यात्रेकरूचा काही प्रभाव पडेना. तो त्याची आणि त्याच्या साध्या राहणीची थट्टा करीत असे. इग्नेशियस चिडले नाहीत. नव्या प्राध्यापकाला विद्यार्थी हवे असतात हे ओळखून त्यांनी त्याच्या वर्गासाठी विद्यार्थी मिळवून दिले, तो पैशांच्या अडचणीत असताना मदत केली, आणि संधी मिळेल तेव्हा तो प्रश्न पुढे ठेवला : सारे जग हाती आले आणि आत्मा हातचा गेला, तर मिळाले काय? फ्रान्सिसने हा प्रश्न किती वेळा हसण्यावारी नेला असेल, ह्याची मोजदाद नाही. १५३३ मध्ये फेबर वडिलांच्या भेटीसाठी सुमारे सात महिने गावी गेला. ज्या खोलीत तिघे राहत, तेथे आता दोघेच उरले. फेबर परतला तेव्हा त्याला निराळाच फ्रान्सिस भेटला. त्या महिन्यांत नेमके काय घडले, ते फ्रान्सिसने कोठेही लिहून ठेवलेले नाही.

१५ ऑगस्ट १५३४ रोजी, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणी, सात मित्र पॅरिसनजीकच्या मोंमार्त्र टेकडीवरील छोट्या कपेलात जमले. इग्नेशियस, फेबर, झेवियर, लायनेझ, साल्मेरॉन, बोबादिल्ला आणि सिमाव रॉड्रिग्ज. नुकतीच गुरुदीक्षा झालेल्या फेबर ह्यांनी मिस्सा अर्पण केली, कारण सातांपैकी तेच एकटे धर्मगुरू होते. सर्वांनी दारिद्र्य व ब्रह्मचर्य ह्यांचे व्रत घेतले. तिसरे व्रत जेरुसलेमला जाण्याचे होते, पण त्याला त्यांनी एक पुस्ती जोडली. वर्षभर वाट पाहूनही जहाज मिळाले नाही, तर पोपमहोदय पाठवतील तेथे जायचे. एवढ्या मोठ्या निर्णयातही त्यांनी एक दार उघडे ठेवले, ह्या गोष्टीकडे आम्हांस विशेष लक्ष वेधावेसे वाटते. कुलीनतेचा तो दाखला १५३६ साली मंजूर झाला, पण आता त्याचा फ्रान्सिसला उपयोग उरला नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरात मंडळी पायी व्हेनिसकडे निघाली.

२४ जून १५३७ रोजी फ्रान्सिस झेवियर ह्यांना व्हेनिसमध्ये गुरुदीक्षा मिळाली. व्हेनिस आणि तुर्क ह्यांच्यात युद्ध पेटल्यामुळे जेरुसलेमचे जहाज काही सुटले नाही. उघडे ठेवलेले दार आता कामी आले. पोर्तुगालचे राजे तिसरे जॉन ह्यांनी भारतासाठी मिशनरी मागितले, तेव्हा रॉड्रिग्ज आणि बोबादिल्ला ह्यांची निवड झाली. बोबादिल्ला रोममध्ये आजारी पडले आणि पोर्तुगालचे वकील तर निघण्याच्या तयारीत. इग्नेशियस ह्यांनी चिठ्ठ्या-पत्रांची कामे पाहणाऱ्या झेवियर ह्यांना बोलावले. त्यांनी तत्काळ होकार दिला आणि मार्च १५४० मध्ये, जेमतेम एका दिवसाच्या तयारीने, ते निघाले. ह्या प्रवासात स्वगृहाजवळून जातानाही ते आईला भेटले नाहीत, अशी कथा काही जुन्या चरित्रांत भक्तिभावाने सांगितलेली आढळते. ती खरी नव्हे. त्यांच्या मातोश्री १५२९ मध्येच निवर्तल्या होत्या. रॉड्रिग्ज ह्यांना राजाने पोर्तुगालमध्येच ठेवून घेतले. ७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, झेवियर लिस्बनहून जहाजात बसले.

भारतात आल्यावर ते पॅरिस विसरले नाहीत. जानेवारी १५४४ मध्ये कोचीनहून पाठवलेल्या पत्रात त्यांनी आपल्या मनातील एक विचार कळवला. युरोपातील विद्यापीठांत, विशेषतः पॅरिसमध्ये जावे आणि वेड लागलेल्या माणसाप्रमाणे ओरडत फिरावे, असे त्यांना वारंवार वाटे. तेथील पुष्कळ विद्यार्थी आधी विद्या, मग पद आणि उत्पन्न, आणि ते मिळाल्यावर देवाची सेवा असा क्रम लावतात, ह्याचे त्यांना दुःख होते. पत्र वाचताना १५३१ सालचा तो अर्ज आठवल्यावाचून राहत नाही.

पुढे मे १५४६ मध्ये, मोलुक्का बेटांपैकी आंबोनाहून, त्यांनी सोबत्यांना आणखी एक पत्र लिहिले. सोबत्यांच्या पत्रांतून त्यांची स्वहस्ताक्षरातील नावे कापून घेतली असून, आपल्या व्रताच्या मजकुरासह ती आपण सतत अंगावर बाळगतो, असे त्यात नमूद आहे. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १ ऑगस्ट १५४६ रोजी, फेबर रोममध्ये मरण पावले. त्यांना १८७२ मध्ये धन्यवादित घोषित करण्यात आले. झेवियर ह्यांना इग्नेशियससमवेत १२ मार्च १६२२ रोजी संतपद मिळाले होते. कोणता मार्ग धरावा हे ज्यांना वर्षानुवर्षे उमगत नव्हते, त्या फेबर ह्यांना पोप फ्रान्सिस ह्यांनी १७ डिसेंबर २०१३ रोजी संत म्हणून घोषित केले.