एलिझाबेथ ब्लॅकवेलबाई

अठराव्या शतकांत लंडन शहरीं अलेक्झांडर ब्लॅकवेल नांवाचे गृहस्थ छापखाना चालवीत. रीतसर उमेदवारी न करतां धंदा केला म्हणून त्यांस दंड झाला, कर्ज वाढलें व ते तुरुंगांत पडले. त्यांच्या पत्नी एलिझाबेथबाई कपाळास हात लावून बसल्या नाहींत. औषधी वनस्पतींचा सचित्र ग्रंथ वैद्यांस हवा आहे असें कळतांच त्या चेल्सी येथील वनस्पतींच्या बागेजवळ राहावयास गेल्या. बागेंतील जिवंत झाडें पाहून त्या चित्रें काढीत व पति तुरुंगांतून त्यांचीं निरनिराळ्या भाषांतील नांवें पुरवीत. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरणें व छापील प्रतींत रंग भरणें हेंहि बाईंनींच केलें. इ. स. १७३७ ते १७३९ पर्यंत, आठवड्यास चार याप्रमाणें, ५०० चित्रें प्रसिद्ध झालीं. त्या मिळकतीनें पति सुटले. पुढें स्वीडन देशांत कटाच्या आरोपावरून १७४७ सालीं त्यांचा शिरच्छेद झाला. बाई १७५८ सालीं निवर्तल्या.

आज हा ग्रंथ संगणकाच्या पडद्यावर विनामूल्य पाहतां येतो. मग मुलांस छापील पुस्तक द्यावें कीं पडदा? पडद्यावर पानाची शीरहि मोठी करून दिसते, व गरिबाच्या मुलासहि ती दुर्लभ राहत नाहीं. परंतु हातानें रंगविलेली प्रत्येक प्रत थोडी निराळी असते. हें एका छायाचित्रावरून कळावयाचें नाहीं. आम्हांस वाटतें, दोहोंचाहि उपयोग करावा. मात्र विद्यार्थ्यांनो, बाईंप्रमाणें आधीं जिवंत झाडापुढें जाऊन बसा.