एडवर्ड अँगल: दातांच्या तारेमागचा माणूस, आणि वयाचं गणित

दातांना क्लिप लावलेला एखादा तरी मित्र किंवा मैत्रीण तुमच्या ओळखीत असेलच. प्रत्येक दातावर चिकटवलेला तो बारका चौकोनी तुकडा, ज्याच्या खाचेत तार बसते, त्याला ब्रॅकेट म्हणतात. त्याची मूळ रचना १९२५ ची आहे. आपल्या फोनचं डिझाइन दरवर्षी बदलतं, पण ही खाच शंभर वर्षं टिकली. ती बनवणाऱ्या माणसाची गोष्ट मी आज सांगतोय. कारण त्यांना जे जमलं आणि जे दिसलं नाही, त्या दोन्हींतून एक कामाची गोष्ट कळते: जबड्याच्या उपचारात वय फार महत्त्वाचं असतं.

शेतकऱ्याचा पोरगा

एडवर्ड हार्टली अँगल यांचा जन्म १८५५ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, शेतकरी घरात झाला. पुस्तकांपेक्षा हत्यारांत जीव रमणारा मुलगा. १८७८ मध्ये ते दंतवैद्य झाले. पुढे तब्येत बिघडली म्हणून पश्चिमेला मोंटानात जाऊन मेंढ्या पाळायचा उद्योग केला. कडक हिवाळ्यात तो बुडाला. कापसाचं पीक हातचं गेल्यावर काय होतं हे आपल्या वऱ्हाडात वेगळं सांगायला नको. अँगल पुन्हा दातांकडे वळले आणि मिनेसोटा विद्यापीठात शिकवू लागले.

तेव्हा वाकडे दात सरळ करणं हे दंतवैद्याचं फावल्या वेळचं काम होतं. जो तो आपापल्या परीने स्क्रू आणि तारा वळवायचा. अँगल यांनी बाकी सगळं सोडून फक्त हेच काम करायचं ठरवलं. १९०० साली सेंट लुईसमध्ये त्यांनी या विषयाची स्वतंत्र शाळा काढली. ऑर्थोडॉन्टिक्स ही वेगळी शाखा म्हणून उभी राहिली, त्यात त्यांचा वाटा सर्वांत मोठा.

तीन वर्ग

१८९९ मध्ये त्यांनी एक साधी पद्धत मांडली. साधारण सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ बघायची. वरची दाढ खालच्या दाढेच्या ठरावीक खाचेत बसते का?

- पहिला वर्ग: दाढा नीट बसतात, पण दात वाकडे किंवा दाटीवाटीने.
- दुसरा वर्ग: खालची दाढ मागे. बहुतेकदा वरचे दात पुढे आणि हनुवटी आत दिसते.
- तिसरा वर्ग: खालची दाढ पुढे. हनुवटी पुढे आलेली दिसते.

आजही तुमच्या केसपेपरवर क्लास टू असं लिहिलं, तर ती अँगल यांचीच भाषा आहे.

चार यंत्रं, एक हट्ट

मग त्यांनी यंत्रामागून यंत्रं काढली. पहिल्यात जाड कमानीला दात बांधले जायचे, पण दात नुसता कलायचा, मुळासकट सरकायचा नाही. दुसऱ्यात दातागणिक बारीक खिळा आणि नळी होती. काम अचूक व्हायचं, पण इतकं किचकट की मोजक्याच डॉक्टरांना जमायचं. तिसऱ्यात पट्टीसारखी तार आली. चौथं म्हणजे १९२५ चं एजवाइज. आडवी चौकोनी खाच, २२ बाय २८ सहस्रांश इंच, आणि तिच्यात चौकोनी तार. गोल तार खाचेत नुसती फिरते, चौकोनी तार फिरत नाही, दातालाच फिरवते. त्यामुळे दात तिन्ही दिशांना हलवता येऊ लागला. तेव्हाची तार सोन्याच्या मिश्रधातूची असायची.

या कामात त्यांच्या पत्नी अ‍ॅना हॉपकिन्स यांची मोठी साथ होती. त्या आधी सेक्रेटरी होत्या, मग स्वतः दंतवैद्यक शिकल्या.

अँगल यांचा हट्टही मोठा होता. जागेसाठी दात काढायचा नाही, सगळे ठेवायचे. दात नीट बसवले की चावण्याच्या जोराने हाड आपोआप वाढेल, असं ते मानत. यावरून १९११ मध्ये कॅल्व्हिन केस यांच्याशी मोठा वाद पेटला. अँगल यांच्या मृत्यूनंतर त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी परत वाकडे झालेले रुग्ण तपासले आणि काहींचे दात काढून पुन्हा उपचार केले.

जे अँगल यांना दिसलं नाही

अँगल १९३० मध्ये गेले. पुढच्याच वर्षी त्यांचे शिष्य ब्रॉडबेंट यांनी डोक्याचा बाजूने, मापात एक्स-रे काढायची पद्धत प्रसिद्ध केली. तेव्हा कळलं की दाढा एकाच वर्गातल्या असल्या तरी कारणं वेगळी असतात. कुणाचा वरचा जबडा पुढे, कुणाचा खालचा मागे, तर कुणाचे नुसते दातच पुढे. तार मुख्यतः दात हलवते. जबडा मागे असेल तर काय?

यावर युरोपात वेगळी वाट निघाली. डेन्मार्कच्या विगो आन्द्रेसन यांनी सुट्टीवर निघालेल्या आपल्या मुलीला एक सैल प्लेट करून दिली. तोंड मिटताना ती खालचा जबडा पुढे आणायची. मुलगी परतली तेव्हा दातांची ठेवण सुधारलेली होती. त्यातूनच अ‍ॅक्टिव्हेटर हे यंत्र आलं. १९७७ मध्ये स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी त्याचे दोन भाग केले, तो ट्विन ब्लॉक. वरच्या-खालच्या प्लेटवर उतार असतो. तोंड मिटलं की खालचा जबडा त्या उतारावरून पुढे सरकतो. जेवतानाही घालता येतो.

एक खरं सांगतो. या यंत्राने जबडा फार लांब होतो असं नाही. बराचसा फरक दात सरकल्यानेच पडतो. पण वाढ जोरात असते तेव्हा उपचार सोपा होतो, आणि पुढे आलेले दात पडून-झडून तुटायचा धोकाही कमी होतो. तिसऱ्या वर्गात वरचा जबडा मागे असेल तर चेहऱ्यावर लावायचा फेसमास्क असतो. तो तर आणखी लहान वयात, साधारण दहाच्या आत जास्त उपयोगी पडतो.

आपल्यासाठी याचा अर्थ

आमच्या अकोल्यात मी नेहमी ऐकतो: दहावी होऊ दे, मग बघू. नुसते वाकडे दात असतील तर चालेल, तार कोणत्याही वयात लागते. पण जबड्याचा प्रश्न असेल तर ती वाट पाहणं महागात पडतं. मुलींची वाढ साधारण १० ते १२ आणि मुलांची १२ ते १४ या वयात जोरात असते. मुलींत हा जोर बहुधा पाळी सुरू होण्याआधीच येऊन जातो. वाढ संपली की उरतात दोनच वाटा: दातांनी जमेल तेवढं झाकणं, किंवा जबड्याचं ऑपरेशन.

म्हणून घरातल्या लहान बहीण-भावाला सातव्या वर्षाच्या आसपास एकदा दाखवा. लगेच उपचार लागेलच असं नाही, पण वेळ कधीची हे कळतं. बीडीएसनंतर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस केलेला डॉक्टर विचारा. अमरावतीत विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचं दंत महाविद्यालय आहे. अकोल्याहून मूर्तिजापूर, बडनेरा करत गाडीने जाता येतं, आणि शिकवणाऱ्या दवाखान्यात खर्च सहसा कमी असतो.

आणि रीलमध्ये बघून दातांना रबर गुंडाळू नका. ते हिरडीत वर सरकतं, मुळाभोवतीचं हाड खातं आणि चांगला दात जातो. फोनवर काढलेला बाजूचा फोटो घरच्यांना दाखवायला ठीक आहे, पण कोणता जबडा चुकतोय हे एक्स-रेच सांगतो. तसा मापात काढलेला एक्स-रे अँगल यांच्या हाताशी नव्हता, आपल्याकडे आहे. फक्त पोरगं वाढतंय तोवर तो काढायला हवा.