हार्वे कुशिंग : मेंदूतील रक्तस्रावाशी झुंज

हातापायावरील शस्त्रक्रियेत रक्तवाहिनी तुटली, तर ती चिमट्यात धरून दोऱ्याने बांधता येते. मेंदूत हे साधत नाही. तेथील वाहिन्या इतक्या नाजूक, की दोरा आवळताच फाटाव्यात. म्हणूनच विसाव्या शतकाच्या प्रारंभी कवटी उघडलेले कितीतरी रुग्ण मूळ व्याधीने नव्हे, तर रक्तस्रावाने दगावत. हे चित्र पालटणाऱ्यांत अग्रणी होते अमेरिकी शल्यविशारद डॉ. हार्वे कुशिंग.

८ एप्रिल १८६९ रोजी क्लीव्हलंड येथे वैद्यांच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. जॉन्स हॉपकिन्समध्ये हॉल्स्टेड यांच्या हाताखाली ते संथ, रक्ताचा थेंबन् थेंब जपणारी शस्त्रक्रिया शिकले. १९११ मध्ये त्यांनी चांदीच्या तारेची इवलीशी क्लिप मांडली. वाहिनीवर ती चिमट्याने दाबून बसवायची आणि तशीच आत ठेवायची. स्वभावाने कुशिंग तापट. सहाय्यकांना त्यांचा धाक वाटे. तरीही रक्त आवरेनासे झाले, की हाती घेतलेले काम अर्धवट सोडून जखम शिवण्याचा संयम त्यांच्यापाशी होता.

सप्टेंबर १९२६ च्या अखेरीस असेच घडले. डोक्यावरील रक्ताळ गाठ काढताना त्यांना थांबावे लागले. काही दिवसांनी, १ ऑक्टोबरला, हार्वर्डमधील संशोधक विल्यम बोवी यांचे विद्युतयंत्र त्यांनी बॉस्टनमधील पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात आणवले. उच्च कंप्रतेच्या विद्युतप्रवाहाने ऊती कापल्याही जात आणि रक्तही गोठे. तीच गाठ तुकड्यातुकड्याने निघाली. पूर्वी अशक्य म्हणून परत पाठवलेल्या रुग्णांना त्यांनी पुन्हा बोलावून घेतले.

एक शत्रू मात्र शिल्लक राहिला. धमन्या व शिरा थेट एकमेकींत मिसळून झालेल्या गुंत्यात रक्त प्रचंड दाबाने धावते. पर्सिव्हल बेली यांच्यासह १९२८ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात कुशिंग यांनी असा गुंता समूळ काढण्याबाबत निराशाच व्यक्त केली. पण १९३७ मध्ये त्यांचेच एकेकाळचे शिष्य व पुढे कडवे प्रतिस्पर्धी ठरलेले वॉल्टर डँडी यांनी मेंदूतील धमनीला आलेल्या फुग्याच्या मानेवर क्लिप लावून रुग्णाला वाचवले. ती क्लिप होती कुशिंग यांच्याच धाटणीची, चांदीची.

अट्टल धूम्रपान करणाऱ्या कुशिंग यांच्या स्वतःच्या पायांतील रक्तवाहिन्या तोवर बंद पडत आल्या होत्या. ७ ऑक्टोबर १९३९ रोजी हृदयविकाराने ते निवर्तले. शवविच्छेदनात त्यांच्या मेंदूत एक छोटी गाठ आढळली.