दोन रुपये पगारावर टाइप घासणारा पोरगा मराठी पुस्तकाला अक्षर देऊन गेला

इंग्रजी टायपिंग करणाऱ्याला टाइम्स न्यू रोमन माहीत असतोच. कुणाचं लक्ष वेधून न घेता वाचला जाणारा, साधासरळ फॉन्ट. मराठी छपाईत हे काम केलं निर्णयसागरच्या टाइपानं. आणि तो टाइप उभा करणारा माणूस होता जावजी दादाजी चौधरी.

गोष्टीची सुरवात होते नगरपासून. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केलं. याच मिशनचा मुंबईत छापखाना होता. तिथे टॉमस ग्रॅहम हे देवनागरी टाइप तयार करत होते.

जावजींचा जन्म १८३९ चा, मुंबईतला. घरात गरिबी, शाळा जवळपास नाहीच. दहाव्या वर्षी ते या छापखान्यात लागले. काम टाइप घासायचं, पगार महिना दोन रुपये.

आता टाइप म्हणजे काय? आधी पोलादाच्या तुकड्यावर अक्षर उलटं कोरायचं. तो ठसा तांब्यावर ठोकून साचा बनवायचा आणि त्यात शिशाचा मिश्रधातू ओतायचा. निघालेला खिळा घासून सारखा केला नाही, तर ओळ वरखाली होते. पोरगा रोज तेच घासत होता. अक्षर कुठं बिघडतं हे त्याला हातानं कळत गेलं.

पुढे इतर छापखान्यांत अनुभव घेऊन त्यांनी १८६४ मध्ये स्वतःचा टाइपाचा कारखाना काढला. सोबत होते राणोजी रावजी आरू, अक्षर कोरण्यातले उस्ताद. १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू झाला.

देवनागरीत काम सोपं नव्हतं. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं धरली की खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाते. बोरूनं लिहिताना येणारी जाड-बारीक रेघ प्रत्येक खिळ्यात सारखी उतरायला हवी आणि शिरोरेषा कुठं तुटता कामा नये. निर्णयसागरच्या टाइपात हे जमलं. अक्षर भरीव, गोलाई मोकळी, पानभर वाचलं तरी डोळ्याला त्रास नाही.

मग त्याच अक्षरांत मुलांचं ‘बालबोध’ मासिक छापलं गेलं. १८८६ पासून संस्कृत ग्रंथांची ‘काव्यमाला’ निघाली. शुद्ध छपाई म्हणजे निर्णयसागर, अशी ओळख देशभरच्या पंडितांत झाली. जी शाळा जावजींना मिळाली नाही, तिची पुस्तकं त्यांच्या टाइपात घरोघरी पोचली.

१८९२ मध्ये जावजी गेले. छापखाना मुलगा तुकाराम यांनी पुढे चालवला. शिशाचे खिळे आज इतिहासजमा झालेत. पण एखादं जुनं पुस्तक उघडलंत, तर पहिल्या पानावर छापखान्याचं नाव नक्की बघा. निर्णयसागर दिसलं, तर त्यामागे घासकाम करणारा एक दहा वर्षांचा पोरगा आहे, एवढं लक्षात ठेवा.