योहान सेबास्टियन बाख

जर्मनीतील आयझेनाख या गावी १६८५ साली योहान सेबास्टियन बाख यांचा जन्म झाला. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या संगीताची सेवा करणारे होते. परंतु वयाची दहा वर्षे पुरी होण्याच्या आतच त्यांचे मातापित्यांचे छत्र हरपले. ओर्ड्रुफ येथील चर्चमध्ये ऑर्गन वाजविणाऱ्या वडील बंधूंनी त्यांचा सांभाळ केला आणि त्यांना वादनाचे धडे दिले.

चर्चमधील ऑर्गन हे महाकाय वाद्य आहे. आपल्या पेटीप्रमाणे त्यातही भात्याची हवाच नाद निर्माण करते. मात्र ती धातूच्या व लाकडाच्या शेकडो नळ्यांतून खेळते. वादकाला हातांबरोबर पायांनीही पट्ट्या दाबाव्या लागतात. त्या काळी भाता चालविण्यास निराळी माणसे लागत.

१७०३ साली आर्नश्टाट येथील चर्चमध्ये बसविलेल्या नव्या ऑर्गनची परीक्षा करण्यासाठी अठरा वर्षांच्या बाखना पाचारण करण्यात आले. पुढे तेथील वादकाचे पदही त्यांनाच मिळाले. पण ज्ञानाची तृष्णा त्यांना स्वस्थ बसू देईना. १७०५ साली चार आठवड्यांची रजा घेऊन ते बुक्स्टहूड या वयोवृद्ध वादकाची कला ऐकण्यासाठी ल्यूबेकला निघाले. चारशे किलोमीटरांहून अधिक वाट त्यांनी पायी तुडविली. तेथे रजेचे भान उरले नाही; ते परतले ते सुमारे चार महिन्यांनी! वरिष्ठांनी त्यांना जाब विचारला. त्यांच्या अनोख्या स्वररचनांमुळे प्रार्थनागीते गाणारे भाविक गोंधळतात, असाही ठपका ठेवला. तरीही बाखांची साधना खंडित झाली नाही.

१७२३ पासून अखेरपर्यंत ते लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चच्या सेवेत होते. मुलांना गायन शिकवावे, उपासनेसाठी नवनवी गीते रचावी, असा त्यांचा क्रम असे. नव्या ऑर्गनची परीक्षा करण्यासाठीही त्यांना दूरदूरहून बोलावणे येई. प्रथम साऱ्या नळ्या एकदम वाजवून ते वाद्याची छाती कितपत भक्कम आहे, हे पाहत.

१७५० साली नेत्रांवर केलेली शस्त्रक्रिया अयशस्वी ठरली आणि त्याच वर्षी २८ जुलै रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्या अनेक रचनांचा जनतेला विसर पडला. १८२९ साली मेंडेल्सझोन या तरुण संगीतकाराने त्यांची एक थोर रचना बर्लिनमध्ये सादर करून त्यांची कीर्ती पुन्हा उजळली. २००० साली, बाखांच्या निधनास अडीचशे वर्षे झाली तेव्हा, सेंट थॉमस चर्चमध्ये त्यांच्या काळच्या धर्तीचा नवा ऑर्गन बसविण्यात आला. त्याच चर्चमध्ये बाखांची समाधी आहे.