नानांचा चेहरा काढणारा परदेशी चितारी : जेम्स वेल्स

शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात नाना फडणवीसांचे चित्र आपण सर्वांनीच पाहिले आहे. सडपातळ अंगकाठी, लांबट चेहरा आणि समोरच्याला तोलणारी नजर. नाना म्हटले की हेच रूप डोळ्यांसमोर येते. पण हे रूप कागदावर प्रथम कोणी उतरवले, हे त्या पुस्तकात कोठे लिहिलेले नव्हते. नानांचे मेणवली आपल्या लोणंदहून फार लांब नाही. वाईला जाणारे बहुतेकजण कृष्णाकाठचा त्यांचा वाडा आणि वसईहून आलेली घाटावरची मोठी घंटा पाहून येतात. नानांविषयी आपण पुष्कळ बोलतो. आज मला त्यांच्यासमोर बसून त्यांचे चित्र काढणाऱ्या माणसाविषयी लिहायचे आहे.

जेम्स वेल्सचा जन्म १७४७ साली स्कॉटलंडमधील पीटरहेड या समुद्रकाठच्या गावी झाला. शिक्षण ॲबर्डीनच्या मॅरिशल कॉलेजात झाले. चित्रकला मात्र तो बरीचशी स्वतःच शिकला. पुढे तो लंडनला गेला आणि रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात त्याची चित्रे लागली. पण लंडनमध्ये नामवंत चित्रकारांची गर्दी होती. त्या काळी हिंदुस्थानात गेलेला चितारी नबाब, राजे आणि कंपनीचे साहेब यांची चित्रे काढून पैसा मिळवी. लखनौला राहिलेला योहान झोफनी असाच कमाई करून १७८९ मध्ये परतला होता. दोनच वर्षांनी, १७९१ साली, वेल्स मुंबईच्या बंदरात उतरला. तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. त्या वयात आपल्याकडची माणसे मुलांची लग्ने ठरवू लागतात. या गृहस्थाने नव्याने पोटापाण्याची सुरुवात केली.

मुंबई बेटाचे देखावे त्याने काढले. पण त्याचे खरे काम पुण्यात होते. पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट हा १७८६ पासून होता. मुळा-मुठेच्या संगमावर त्याची रेसिडेन्सी होती. मॅलेटच्या बोलावण्यावरून १७९२ साली वेल्स पुण्यास आला. परक्या मुलखात दुसऱ्याच्या छपराखाली पाहुणा म्हणून राहायचे आणि त्याच्या ओळखीने मोठ्यांच्या दारी जाऊन चित्रे काढायची, असा हा व्यवसाय. यात मान होता, तशी मिंधेपणाची बाजूही होती. मॅलेट काही निव्वळ रसिक नव्हता. तो कंपनीचा राजकारणी होता. चित्रकारामुळे दरबारातील त्याची ऊठबस वाढत होती, हे विसरून चालणार नाही.

पुण्यात वेल्सने सवाई माधवराव पेशवे, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांची चित्रे काढली. तो योगही दुर्मिळ होता. महादजी १७९२ मध्येच उत्तरेकडून पुण्यास आले आणि १७९४ मध्ये वानवडीस वारले. वेल्स आणखी दोन वर्षे उशिरा आला असता, तर त्यांची गाठ पडली नसती. मेणवलीच्या वाड्यातील भिंतींवर देवादिकांची जुनी चित्रे आहेत. ती रेषेची आणि सपाट रंगांची आहेत. वेल्सची रीत निराळी होती. तो तोंडावरचा उजेड आणि सावली पाहून तैलरंगात चेहरा उठवी. म्हणूनच त्याचे नाना आपल्याला ओळखीच्या माणसासारखे वाटतात. पेशवे आणि नाना यांचे त्याने काढलेले चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे.

येथे थोडे माझ्याविषयी सांगतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील कांद्याच्या बाजारात हमाली करतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा मी दिल्या. परंतु चित्रावर घर चालते, हे घरी कोणाला पटत नाही आणि त्यांची समजूत घालील असे उदाहरण माझ्याजवळ नव्हते. वेल्सची हकिगत वाचताना म्हणूनच मी त्याच्या कलेपेक्षा त्याच्या संसाराचा हिशेब अधिक शोधत होतो.

तो हिशेब पुढे वेगळ्याच वळणाने गेला. शनिवारवाड्यात पेशव्यांच्या आश्रयाने चित्रकलेची शाळा निघाली आणि वेल्स तेथे शिकवू लागला. तिच्याशी जोडलेले एक मराठी नाव म्हणजे गंगाराम तांबट. तो नवगिरे घराण्यातला. वेल्स येण्यापूर्वीच, १७९० मध्ये, त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा चितारलेला होता. त्याचा हात तयार होता. वेल्सच्या सहवासात त्याला दुसरी रीत पाहायला मिळाली. आपल्या क्रमिक पुस्तकांत वेल्सचे नाव नाही. गंगारामाचे असण्याची गोष्टच दूर.

चेहरे काढून कमाई करावी म्हणून आलेल्या वेल्सला लेण्यांनी वेड लावले. १७९३ मध्ये टॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे इंग्रज चित्रकार मुंबईस आले, तेव्हा वेल्सनेच त्यांना आसपासची लेणी हिंडवली. १७९५ साली तो वेरूळला जाऊन बसला. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून वारले. वेल्स त्या दिवसांत साष्टीत कान्हेरीची लेणी काढत होता. तेथे त्याला ताप भरला आणि नोव्हेंबरात त्याचा अंत झाला. ज्या तरुण पेशव्याचा चेहरा त्याने काढला, त्याच्यामागोमाग महिनाभरात चितारीही गेला.

त्याच्या हयातीत यातले फारसे काही छापले गेले नाही. मुलींना मॅलेटने आधार दिला. थोरली सुझॅना हिच्याशी त्याने १७९९ मध्ये इंग्लंडात लग्न केले. मुंबईचे बारा देखावे १८०० साली प्रसिद्ध झाले. वेरूळची चित्रे १८०३ मध्ये टॉमस डॅनियलने तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापली. पुणे दरबारात मॅलेट तह करीत असल्याचे प्रचंड चित्र डॅनियलने वेल्सच्या रेखाटनांवरूनच रंगवले. तो १८०५ साली लंडनला मांडला गेला, तेव्हा दरबार वेल्सने पाहिलेला आणि सही मात्र डॅनियलची. ते चित्र आता तेथील टेट संग्रहालयात आहे. गंगारामाची रेखाटने तर अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात जाऊन पोचली आहेत. वेल्स ज्या रेसिडेन्सीत उतरला होता, ती ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईच्या वेळी जळाली. दरबार उठला, बंगला जळाला, कागद राहिले.

या माणसाला थोर म्हणावे की नाही, याचा निर्णय मला करता येत नाही. तो कंपनीच्या वकिलाच्या अन्नावर राहिला, हे खरे. पण डोंगरातील लेण्यांपुढे तो बसला, तेव्हा त्याला कोणाचा चेहरा खुलवायचा नव्हता. समोर जे आहे ते नीट पाहावे आणि जसे आहे तसे उतरवावे, एवढेच काम होते. त्या कामात त्याने देह ठेवला. घरी देण्यासाठी मला हवे होते ते उदाहरण यातून मिळाले नाही. वेल्सला पैसा पुरला असेही नाही आणि नावही पुरते मिळाले नाही. मात्र एक गोष्ट मला पटली. नानांनी लिहिलेले हजारो कागद आहेत. त्यांतून त्यांची बुद्धी कळते. त्यांचा चेहरा मात्र आपल्याला कळतो तो एका परमुलखातील पोटार्थी माणसाने त्यांच्यासमोर बसून टक लावून पाहिले म्हणून. आपल्या आजोबा-पणजोबांचे चेहरे असे कोणी पाहून ठेवले नाहीत. या सुट्टीत बाजाराच्या दिवशी कांद्याच्या ढिगाजवळ बसून वडिलांचे एक चित्र काढायचे, असे मी ठरवले आहे.